चिखलावरचे पाहुणे

होळी होऊन जाते, गहू खळ्यावर येतो, आणि गांवच्या तळ्याचें पाणी दिवसेंदिवस मागें सरूं लागतें. पाणी जसजसें ओसरतें तसतसा कांठाला काळ्या, ओल्या चिखलाचा एक पट्टा उघडा पडत जातो. ह्या पट्ट्याची कोणास पर्वा नसते. गुरें त्यांत रुततात, धुणें घेऊन येणाऱ्या बायांचे पाय माखतात, आणि एखाद्या पोरानें त्यांत खेळण्याचें मनांत आणलें तर घरीं गेल्यावर त्याची धडगत नसते. परंतु वाचकहो, फाल्गुन आणि चैत्र ह्या दोन महिन्यांत ह्याच टाकाऊ पट्ट्यावर जी पंगत बसते ती पाहण्यासारखी असते. पंगतीस बसणारे कित्येक पाहुणे मुठीएवढेच असतात. त्यांचीं घरें मात्र दूर उत्तरेस आहेत. कांहींचीं तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांत, येथून सुमारें 6,000 किलोमीटरांवर. जेवण आटोपतांच त्यांस तिकडे जावयाचें असतें.

असे पक्षी थोडेफार प्रत्येक तळ्यावर सांपडतात. तरी ज्यास ते एका ठिकाणीं पुष्कळ पाहावयाचे असतील त्यानें नाशिक जिल्ह्यांत, निफाड तालुक्यांत, नांदूर मध्यमेश्वर येथें जावें. तेथें गोदावरी आणि कादवा ह्या नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभीं बंधारा बांधण्यांत आला. बांधणाऱ्यांच्या मनांत पक्षी मुळींच नव्हते. तेथून निघणाऱ्या गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांनीं कोपरगांव-राहात्याकडच्या, एरव्हीं पावसाच्या तोंडाकडे पाहत बसणाऱ्या जमिनी भिजाव्या, एवढाच त्यांचा हेतु. पण नदीनें पाण्याबरोबर गाळ आणला. वर्षानुवर्षें तो बंधाऱ्यामागें सांचत गेला, पाणी उथळ झालें, मधून मधून बेटें वर आलीं, कांठाला पाणवनस्पति माजल्या. इंजिनियराच्या वहींत हें सारें नुकसानीच्या बाजूस मांडलें जातें. पक्ष्यांनीं तें आपल्या जमेस धरलें. 1986 सालीं ह्या जागेस अभयारण्याचा दर्जा मिळाला. आणि इराणांतील रामसर येथें 1971 सालीं पाणथळ जागांसंबंधीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतलें पहिलें नांव म्हणून हें ठिकाण 2020 च्या जानेवारींत जाहीर झालें. चापडगांवच्या बाजूस कांठाकांठानें पायवाटा व पक्षी पाहण्याचे मनोरे आहेत. कालव्यांचीं आवर्तनें सुटतात तसतशी पाण्याची पातळी खालवर होते, आणि पातळी उतरली कीं चिखलाचें ताट वाढून तयार होतें.

मी तेथें प्रथम गेलों तेव्हां मार्च महिना होता. हातांत उसनी आणलेली दुर्बीण होती आणि डोक्यांत पुस्तकांतलीं चित्रें होतीं. कांठावर शे-सव्वाशें पिंगट पक्षी लगबगीनें कांहीं टिपीत होते. परंतु चित्राशीं एकही जुळेना. म्हणून मी आणखी जवळ गेलों. सारा थवा एकदम उडाला, पाण्यावरून वळसा घेऊन दूर जाऊन बसला. मी त्याच्या मागें गेलों. पुन्हां तेंच झालें. तिसऱ्या खेपेस थवा उडाला तेव्हां बाभळीखालीं म्हशी राखीत बसलेल्या एका वृद्ध बाबांनीं मला हांक मारली.

“मास्तर, तुमच्या घरीं पाव्हणा जेवाया बसला, तर त्याला किती येळा ताटावरून उठवतां?”

मी मास्तर आहें हें त्यांस कसें कळलें कोण जाणे. बहुधा बगलेंतल्या वहीवरून. “चुकलों, बाबा,” असें म्हणून मी त्यांच्या शेजारीं खालीं बसलों. अर्धा तास आम्ही दोघे फारसे हाललों नाहीं. तेवढ्या वेळांत तो थवा टिपत टिपत आपण होऊनच आमच्याकडे सरकला, आणि शेवटीं पंधरा-वीस पावलांवर येऊन चरूं लागला. जे पक्षी मला पाठलाग करून दिसले नव्हते, ते बसून राहिल्यानें दिसले. पुढें पुस्तकांतून मीं जें शिकलों त्याचा बराचसा गाभा बाबांच्या त्या एका प्रश्नांत होता, असें आतां वाटतें.

आतां हे पाहुणे कोण तें पाहूं. सर्वांत लहान तो टिलवा. चिमणीएवढा, पाठ मातकट, पोट पांढरें, पाय काळे. वजन सुमारें दोन तोळे. त्याची चोंच शिवणयंत्राच्या सुईप्रमाणें चिखलावर भराभर खालवर होत असते. त्याहून थोडा मोठा तुतवार. ह्यास शरीराचा मागचा भाग सारखा खालवर हालविण्याची संवय असते, त्यावरून तो दुरूनही ओळखूं येतो. चिखल्या हा आंखूड चोंचीचा व मोठ्या डोळ्यांचा. तो दहा पावलें धांवतो, खांबासारखा थांबतो, एकच टोंच मारतो, आणि पुन्हां धांवतो. पाण्यांत पोटापर्यंत उतरून, लांब सरळ चोंच मुळापर्यंत खुपसणारा उंच पक्षी दिसला तर तो मालगुजा; उडतांना त्याच्या पंखांवरचा पांढरा पट्टा व काळी शेपटी स्पष्ट दिसते. ह्यांशिवाय इंग्रजींत ज्यास रफ म्हणतात तो पक्षी येथें मोठ्या थव्यांनीं असतो. त्याच्या नरांना प्रियाराधनाच्या दिवसांत मानेभोंवतीं पिसांची मोठी झालर येते. तो थाट ते आपल्याकडे क्वचितच पुरा करतात. पोषाख तयार होण्यापूर्वींच त्यांचा प्रयाणाचा दिवस येतो.

एकाच चिखलावर इतक्या जाती भांडण न करतां कशा पोसतात, हें चोंचींच्या लांबीकडे पाहिलें म्हणजे कळतें. चिखल्या डोळ्यांनीं शोधतो व पृष्ठभागावरचा किडा उचलतो. टिलवा वरच्या पातळ थरांतलें टिपतो. मालगुजा आणि पाणलावा हे आंधळ्यानें काठीनें चांचपावें तसे खोल चांचपतात. त्यांच्या चोंचीच्या टोंकाशीं स्पर्श ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात, आणि चोंच सबंध न उघडतां नुसतें टोंक उघडून आंतल्या आंत भक्ष्य पकडतां येतें. भक्ष्य म्हणजे मुख्यत्वें कृमि, लहान शिंपले, आणि डांसासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशांच्या अळ्या. ह्या अळ्यांपैकीं पुष्कळ लालभडक असतात, कारण आपल्या रक्तास लाल करणारें द्रव्यच त्यांच्या अंगांत असतें. त्यामुळें प्राणवायु अगदीं थोडा असलेल्या चिखलांतही त्या जगतात. मूठभर चिखल पांढऱ्या थाळींत पाण्यानें कालवून पाहावा. त्या वळवळतांना दिसल्या म्हणजे त्या पट्ट्यास टाकाऊ म्हणण्याचें धैर्य कोणास होणार नाहीं.

फाल्गुनांतल्या जेवणाचें प्रयोजन हिंवाळ्यांतल्या जेवणाहून वेगळें आहे. हिंवाळ्यांत पक्षी आजच्यापुरतें खातो. आतां तो प्रवासाची शिदोरी अंगावर बांधीत असतो. ही शिदोरी म्हणजे चरबी. तितक्याच वजनाच्या पिठूळ अन्नांत जी शक्ति असते तिच्या दुपटीहून अधिक चरबींत असते, म्हणून उडणाऱ्यानें बरोबर नेण्यास तिच्यासारखें दुसरें कांहीं नाहीं. निघण्यापूर्वींच्या कांहीं आठवड्यांत ह्या पक्ष्यांचीं पोटें व छात्या अशा भरतात कीं, सराव असलेल्या डोळ्याला तो फरक दुर्बिणींतून कळतो. आपल्या मालगुजाचा एक भाऊबंद, पट्टेरी शेपटीचा, ह्या बाबतींत पराकाष्ठा करतो. अलास्काहून दक्षिणेस निघतेवेळीं त्याच्या वजनाचा निम्मा भाग चरबीचा असतो, आणि वाटेंत खावयाचें नसल्यामुळें त्याचें जठर व आंतडीं निघण्यापूर्वींच आकसून लहान होतात. निरुपयोगी ओझें तो बरोबर घेत नाहीं. 2022 सालीं ह्या जातीचें सुमारें पांच महिन्यांचें एक पिलूं पाठीवर बारीकसें प्रेषकयंत्र बसवून सोडलें होतें. तें अलास्काहून निघालें आणि 11 दिवसांत, कोठेंही न उतरतां, 13,560 किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर उतरलें. आईबाप त्याच्याबरोबर नव्हते. ह्या पक्ष्यांत मोठे आधीं निघून जातात व पिलें मागाहून आपलीं आपण येतात.

आपल्या तळ्यावरच्या टिलव्यास इतकी एकसलग मजल मारावयाची नसते. तो मध्यें मुक्काम करीत जातो. तरी वाटेंत उंच पर्वत आणि विस्तीर्ण ओसाड प्रदेश आहेत, आणि मनाजोगता चिखल हवा तेथें मिळेल असा भरंवसा नाहीं. शिवाय त्याला वेळेवर पोंचावयाचें असतें. उत्तरेकडील उन्हाळा अवघ्या कांहीं आठवड्यांचा. बर्फ वितळून किड्यांचा सुकाळ होतो त्याच सुमारास अंड्यांतून पिलें निघालीं पाहिजेत. उशीर झाला तर पिलांच्या तोंडीं घास नाहीं. आतां बाबांच्या प्रश्नाचा हिशेब मांडून पाहा. थवा एकदां उडविला कीं दुहेरी खर्च होतो: सांठविलेली चरबी जळते, आणि पुन्हां निर्धास्त होऊन चरावयास लागेपर्यंतचा वेळ बुडतो. एक कुत्रें सकाळभरांत दहा वेळां कांठानें धांवलें, किंवा कोणी मौजेखातर खडे मारले, तर त्या दिवसाची शिल्लक उणेंत जाते. पक्षी मेलेला आपल्यास दिसत नाहीं, म्हणून आपण समजतों कीं कांहीं बिघडलें नाहीं.

आणि मुक्कामाची जागाच नाहींशी झाली तर काय होतें, ह्याचें उदाहरण कोरियांत घडलें आहे. दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेमांगम नांवाचा भरतीओहोटीचा अफाट चिखल होता. ऑस्ट्रेलियाहून सैबेरियाकडे जाणारे ग्रेट नॉट जातीचे पक्षी तेथें हजारोंनीं उतरून पोट भरीत. 2006 सालच्या एप्रिलांत 33 किलोमीटर लांबीच्या भिंतीनें समुद्र तोडण्यांत आला. ते पक्षी शेजारच्या किनाऱ्यांवर जातील अशी पुष्कळांची समजूत होती. ते गेले नाहींत. तिकडे ऑस्ट्रेलियांतल्या गणनेंत त्यांची संख्या घसरली, आणि 2015 सालीं ह्या जातीची नोंद नष्ट होण्याचा धोका असलेल्या जातींत करण्यांत आली. म्हणजे कोरियांत भिंत बांधली आणि ऑस्ट्रेलियाचा किनारा ओस पडूं लागला.

इतक्या दूरच्या गोष्टी माणसाला कळल्या तरी कशा? फार काळपर्यंत त्या कळल्या नव्हत्याच. ग्रीक पंडित अॅरिस्टॉटल ह्याचें म्हणणें असें होतें कीं, हिंवाळ्यांत दिसेनाशा होणाऱ्या पाकोळ्यांपैकीं कांहीं बिळांत लपून राहतात, आणि एका जातीचा पक्षी ऋतु बदलला कीं दुसऱ्या जातीचा होतो. ह्या मतास हंसण्याचें आपल्यास कारण नाहीं. त्याच्यापाशीं प्रेषकयंत्र नव्हतें. 1822 सालीं जर्मनींत क्ल्यूट्स गांवाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेंतून आरपार एक भाला गेलेला होता, आणि तो भाला आफ्रिकेंतला होता. बिचारा त्या जखमेसह समुद्र ओलांडून घरीं आला होता. आजही तो रॉस्टॉक विद्यापीठाच्या संग्रहांत ठेवलेला आहे. पुढें 1899 सालीं डेन्मार्कमधील व्हीबोर्ग येथील मॉर्टेन्सन नांवाच्या एका शिक्षकानें साळुंकीच्या जातींतल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेलीं अॅल्युमिनियमचीं हलकीं कडीं घातलीं, आणि पद्धतशीर अभ्यासास आरंभ झाला. (हा उद्योग एका शाळामास्तरानें सुरू केला, हें लिहितांना मला थोडा अभिमान वाटतो.) आपल्या देशांत हें काम मोठ्या प्रमाणावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें 1959 सालापासून डॉ. सालिम अली ह्यांच्या नेतृत्वाखालीं हातीं घेतलें. म्हणून कोणास कडें घातलेला मृत पक्षी सांपडला, किंवा पायावर रंगीत पट्टी असलेला जिवंत पक्षी दिसला, तर अक्षरें, अंक, तारीख व जागा लिहून त्या संस्थेच्या मुंबईच्या कचेरीस कळवावें. जिवंत पक्ष्याचें कडें मात्र काढूं नये.

पाहण्यास दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास निराश होण्याचें कारण नाहीं, कारण चालण्याची व चरण्याची ढब उघड्या डोळ्यांनींही दिसते. सूर्य पाठीशीं राहील अशी जागा निवडावी, म्हणजे सकाळीं तळ्याच्या पूर्वेच्या कांठीं व संध्याकाळीं पश्चिमेच्या. समोर सूर्य असला तर सारे पक्षी काळे दिसतात व तर्क मात्र पुष्कळ करावे लागतात. कपडे मातकट असावे. चरणाऱ्या पक्ष्यांनीं माना वर करून चरणें थांबविलें कीं समजावें, आपण फार पुढें आलों. तेथेंच खालीं बसावें, किंवा दोन पावलें मागें घ्यावीं. मोजतांना प्रथम दहा पक्षी मोजून त्यांनीं किती जागा व्यापली तें ध्यानांत घ्यावें, आणि तेवढ्या जागेच्या मापानें सबंध थवा मोजावा. दर वर्षीं जानेवारींत आशियाई पाणपक्षी गणना होते; ती 1987 सालापासून चालू आहे व तींत कोणासही भाग घेतां येतो. परंतु जानेवारींत पक्षी स्वस्थ असतात. खरी घालमेल मार्च-एप्रिलांत, आणि त्या वेळीं शहरांतली मंडळी उन्हास भिऊन घरीं बसते. माझ्या मतें ह्या दिवसांची नोंद गांवांत राहणाऱ्यांनींच ठेवावी. तळें त्यांच्या वाटेवर आहे.

ह्या नोंदींत एक गोष्ट विशेष लक्ष देऊन टिपावी: पिसांचा रंग. हिंवाळ्यांत जो टिलवा राखी-मातकट होता, तो एप्रिलांत तांबूस होऊं लागतो. मालगुजाची मान व छाती विटकरीसारखी रंगते. कधीं कधीं सोनचिखल्या दृष्टीस पडतो. त्याच्या पाठीवर सोनेरी ठिपके उजळतात, आणि पोट, छाती व गळा काळे होत जातात. ही दूरच्या लग्नाची तयारी आहे, आणि नवे कपडे आपल्या तळ्यावरच अंगावर चढत असतात.

सर्वच पक्षी जाणारे नसतात. टिटवी, लाल लांब पायांचा शेकाट्या, आणि डोळ्याभोंवतीं पिवळें वर्तुळ असलेल्या छोट्या कंठेरी चिखल्यापैकीं कांहीं जोड्या येथेंच राहून उन्हाळ्यांत अंडीं घालतात. ह्यांचें घरटें म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा, आणि अंडीं भोंवतालच्या खड्यांसारखीं ठिपकेदार. म्हणून एखादा पक्षी पंख मोडल्यासारखें सोंग करून समोर लंगडत चालला, किंवा डोक्यावर ओरडत घिरट्या घालूं लागला, तर पाऊल उचलण्यापूर्वीं खालीं पाहावें आणि आल्या वाटेनें परतावें. उन्हांत अंडीं उघडीं राहिलीं तर थोड्या वेळांतच तीं निकामी होतात.

त्या पहिल्या भेटीनंतर सहा आठवड्यांनीं, एप्रिलाच्या मध्यास, मी पुन्हां चापडगांवच्या बाजूस गेलों. ऊन कडक होतें, म्हणून चार वाजल्यानंतर कांठावर बसलों. बाबा तेथेंच होते. चाळीस टिलवे मोजून वहींत लिहिले. बहुतेकांच्या पाठी तांबूस झालेल्या होत्या. सूर्य बाभळीच्या शेंड्याशीं आला तेव्हां त्यांचें चरणें थांबलें. कांहीं पाण्यांत न्हाऊं लागले, कांहीं पिसें सारखीं करूं लागले. मग त्यांच्यांत एक बारीक किलबिल सुरू झाली, ती वाढत गेली. एकदम दहा-बारा उडाले, एक फेरी घेऊन परत बसले. पुन्हां उडाले. आम्ही दोघे हाललों नव्हतों, आणि आकाशांत घारही नव्हती. तिसऱ्या वेळीं सारा थवा उठला. ह्या खेपेस तो पाण्यावरून वळला नाहीं. तिरका वर चढत गेला, वर गेल्यावर त्याची एक वांकडी ओळ झाली, आणि ती ओळ वायव्येकडे बारीक होत होत दिसेनाशी झाली.

“जेवले,” बाबा म्हणाले, आणि म्हशींकडे उठून गेले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी त्याच जागीं जाऊन बसलों. चिखलावर पायांच्या बारीक ठशांची जाळी तशीच होती. वहींत लिहिलें: टिटव्या चार, शेकाटे सतरा, तुतवार एक. टिलवे नाहींत.